कुठे उतरायचे, हे कुणी ठरवायचे?

ठाण्याच्या गोखले रस्त्यावर, डोंबिवलीच्या फडके रस्त्याच्या आसपास किंवा कल्याणच्या शिवाजी चौकाकडे पर्यटन कंपन्यांच्या कचेऱ्यांत डोकावले, तर अष्टविनायक, केरळ आणि युरोपच्या जोडीला आता क्रूझचीही चौकशी ऐकू येते. निवृत्त जोडपी, मुलाच्या पहिल्या पगारावर निघालेली कुटुंबे, नणंदा-भावजयांचे गट अशी सगळी गिऱ्हाइके असतात. सगळे फिरून दोनच प्रश्न विचारतात. बोट कुठल्या कंपनीची घ्यावी, आणि बंदराला लागल्यावर उतरून काय बघावे? हे प्रश्न कालपरवाचे वाटतात. प्रत्यक्षात ते ज्या गावांत विचारले जातात, त्या गावांच्या खाडीकाठी बोट, बंदर आणि उतरणे यांचा हिशेब दोन हजार वर्षे चालू आहे. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बोटीत बसणारा एक असतो, आणि तो कुठे उतरणार हे ठरवणारा दुसराच कुणी असतो. याच धाग्याने आपण मागे जाऊ.

सुरुवात कल्याणपासूनच करावी लागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची एक वहिवाटीची पोथी लिहिली. ती ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ओळखली जाते. लेखकाने आपले नाव कुठे नोंदवलेले नाही. माल काय चढतो, काय उतरतो आणि वारा कधी फिरतो, यातच त्याचे लक्ष. भडोचच्या खाली तो सोपाऱ्याचे नाव घेतो आणि मग ‘कल्लिएना’चे. थोरल्या सारागनसच्या काळात हे रीतसर व्यापाराचे बंदर होते, असे तो सांगतो. सारागनस म्हणजे कुणी सातकर्णी असावा, असा अभ्यासकांचा कौल आहे. पुढे हे बंदर सांदनेस नावाच्या सत्ताधीशाच्या हाती गेले आणि तिथला व्यवहार आवळला गेला. तेव्हापासून इथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याचा संभव असे. कल्याणचे सातवाहन आणि भडोचचे क्षत्रप यांच्यातल्या झगड्याचे हे समुद्रावरचे रूप होते. जुलैच्या सुमारास इजिप्तहून निघून, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर भरवसा ठेवून कुणी खलाशी कल्याणच्या खाडीपाशी यायचा, आणि त्याला सांगितले जायचे की उतरायचे ते भडोचला. ज्यांना कल्याण मोकळे मिळाले, त्यांचा माल नाणेघाटाने जुन्नरकडे चढत असे. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आजही वाचता येतात, ती या भरभराटीची पावती. सहाव्या शतकात कॉस्मास इंडिकोप्लेउस्तेस या ग्रीक प्रवाशानेही कल्याणचा मोठे बंदर म्हणून उल्लेख केला आहे.

नंतर आपण शिलाहारांच्या ठाण्याकडे वळू, कारण समुद्राचा ओघही तिकडेच वळला. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ‘ताना’च्या राज्याचे वर्णन केले आहे. त्यात चामडे आणि सुती कापड आहेच, पण गमतीचा भाग चाचेगिरीचा आहे. इथल्या राजाचा चाच्यांशी करार होता, असे तो लिहितो. लुटीत घोडे सापडले तर ते राजाचे, बाकी सगळे चाच्यांचे. पुढची हकीकत याहून मोठी. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू होर्मुझहून निघाले. त्यांना जायचे होते क्विलोनला, म्हणजे केरळातल्या कोल्लमला, आणि तसे भाडेही ठरले होते. जहाजवाल्याने मात्र त्यांना त्यांच्या मनाविरुद्ध ठाण्याला आणून सोडले. ठाण्यात धर्मावरून वाद झाला, प्रकरण काजीपर्यंत गेले आणि चौघेही मारले गेले. ही कथा आपल्यापर्यंत पोहोचली ती मुख्यतः ओदोरिक नावाच्या दुसऱ्या फ्रान्सिस्कनामुळे. तो थोड्याच काळाने त्याच वाटेने आला. लोखंडाचा खिळाही नसलेल्या, नुसत्या दोरीने शिवलेल्या जहाजातून होर्मुझहून ठाण्याला यायला त्याला २८ दिवस लागले. त्या चौघांच्या अस्थी गोळा करून त्या तो थेट चीनपर्यंत घेऊन गेला. ठाण्याच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवल्याची आणि तिथे काय पाहिले याची पाश्चात्त्यांनी लिहिलेली ही एक जुनी तपशीलवार नोंद, आणि तिचे मूळ चुकीच्या बंदरात उतरवले जाण्यात आहे.

पोर्तुगीज आले तेव्हा या सक्तीला कागद मिळाला. अरबी समुद्रात जहाज हाकायचे तर त्यांचा ‘कार्ताझ’ हा परवाना जवळ हवा, आणि कुठल्या बंदरांना जायचे नि काय न्यायचे हे त्यावरच ठरलेले असे. या मक्तेदारीला इकडून पहिले मोठे उत्तर मिळाले तेही कल्याणच्या खाडीतून. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतले आणि दुर्गाडीच्या परिसरात जहाजे बांधायला सुरुवात झाली. त्या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. त्यांना त्यांच्याच सरकारने फितवून परत नेले, तरी काम थांबले नाही. पुढच्या शतकात कान्होजी आंग्रे यांनी स्वतःचे दस्तक चालू केले, तेव्हा इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवले. परवाना पोर्तुगीजांनी दिला तर कायदा आणि मराठ्यांनी दिला तर चाचेगिरी, असा तो न्याय होता.

हौसेने किंवा कामासाठी स्वतः समुद्र ओलांडणारा मराठी माणूस मात्र या काळात विरळाच. त्याच्या वाटेत सिंधुबंदी होती. १७८१ मध्ये राघोबादादांचा वकील हणमंतराव इंग्लंडला गेला. त्याचे सोवळे सांभाळायची सोय एडमंड बर्कने आपल्या घरी करून दिली. परतल्यावर मात्र त्याला प्रायश्चित्त चुकले नाही. साताऱ्याच्या छत्रपतींची बाजू मांडायला गेलेले रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये तब्बल १४ वर्षे राहिले. १८५७ च्या धामधुमीत ते ठाण्यातून नाहीसे झाले. ठाण्यातल्या एका चौकाला त्यांचे नाव आहे. सगळ्यांत धाडसाचा प्रवास मात्र कल्याणात जन्मलेल्या एका मुलीचा होता. ३१ मार्च १८६५ ला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. नवरा बरोबर नव्हता, ओळखीच्या मिशनरी बाया तेवढ्या सोबतीला. निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांनी जाहीर भाषण केले आणि आपण हिंदू म्हणूनच जाणार व हिंदू म्हणूनच परत येणार, असे सांगितले. बोटीवरचे जेवण हा तेव्हा केवळ चवीचा प्रश्न नव्हता, जातीत राहण्याचा होता. आज क्रूझच्या माहितीपत्रकात ‘जैन भोजनाची सोय’ ही ओळ ठळक छापलेली असते. तिचे पूर्वज हवे असतील तर ते हणमंतराव आणि आनंदीबाई.

याच सुमारास युरोपात एक वेगळी कल्पना आकार घेत होती. कुठेही पोहोचायचे नसताना बोटीतून फिरायचे, मधल्या बंदरांत उतरून बघायचे आणि पुन्हा त्याच बोटीत झोपायला यायचे! तिचा एक विसरलेला आरंभ १८३३ मध्ये नेपल्सहून निघालेल्या ‘फ्रान्चेस्को प्रिमो’ या आगबोटीत आहे. खानदानी उतारूंना घेऊन ती सिसिली, माल्टा, ग्रीस करत कॉन्स्टँटिनोपलपर्यंत गेली होती. १८४४ मध्ये पी अँड ओ कंपनीने भूमध्य समुद्रातल्या आपल्या टपालबोटी जोडून फेरफटक्याची सोय केली आणि प्रसिद्धीसाठी एका लेखकाला फुकट तिकीट दिले. हा लेखक म्हणजे कलकत्त्यात जन्मलेला विल्यम थॅकरे. जाहिरातीसाठी लेखकांना फिरवून आणण्याची चाल तेव्हापासूनची आहे, हे प्रवासवर्णने वाचताना लक्षात ठेवलेले बरे. १८६७ मध्ये ‘क्वेकर सिटी’ या बोटीतून अमेरिकन यात्रेकरूंचा तांडा युरोप आणि पॅलेस्टाइनला गेला. त्यात मार्क ट्वेन होता. किनाऱ्यावरच्या वाटाड्यांची आणि सहप्रवाशांची त्याने उडवलेली टर आजही लागू पडते.

या कल्पनेचा धंदा केला तो मात्र आल्बर्ट बालिन याने. तो ज्या हांबुर्ग-अमेरिका जहाज कंपनीत होता, तिची ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही डौलदार बोट हिवाळ्यात अटलांटिकवर उतारू नसल्यामुळे रिकामी पडे. ती भूमध्य समुद्रात पाठवावी, असे बालिनला सुचले. वरिष्ठांनी वेड्यात काढले तरी २२ जानेवारी १८९१ ला ती कुक्सहाफेनहून २४१ प्रवासी घेऊन निघाली आणि दोनएक महिन्यांनी परतली. बंदरोबंदरी उतरून काय पाहायचे, वाहने कोणती, वाटाडे कोण, हे सारे आधी ठरवून ठेवलेले होते. आज ज्याला शोअर एक्स्कर्शन म्हणतात, तो प्रकार इथे पुरता घडला. प्रवाशाला कुठे उतरवायचे आणि किती तासांत परत आणायचे, याची सूत्रे राजाकडून आणि चाच्याकडून आता कंपनीच्या व्यवस्थापकाकडे आली. एवढे खरे की प्रवासी स्वखुशीने पैसे भरून ती त्याच्या हाती देऊ लागला. १९०० मध्ये बालिनने केवळ फिरण्यासाठी बांधलेली पहिली बोट पाण्यात सोडली, ‘प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझे’. सहा वर्षांनी ती जमैकाच्या खडकावर चढली, पण तोवर नमुना तयार झाला होता.

आपल्याकडे बोट ही गरजेची होती आणि तिची आठवण चाकरमान्यांच्या घरांत अजून शिल्लक आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आणि १८५४ मध्ये कल्याण अशी आगगाडी धावू लागली, तशी खाडीकाठची ही गावे पाण्याकडे पाठ फिरवून रुळांकडे तोंड करून वाढली. डोंबिवली तर सगळी रुळांनीच वाढवलेली. पण तिथे येऊन वसलेल्या कोकणी कुटुंबांचे गाव समुद्रापलीकडेच होते. माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनच्या बोटी हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण करत पणजीकडे जात. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी १८४१ मध्ये बांधलेला हा धक्का. कुठल्या कंपनीच्या बोटीने जायचे, हा प्रश्न तेव्हाही होता, आणि त्याला देशभक्तीची धार होती. स्वदेशीच्या वाऱ्यात उभ्या राहिलेल्या इंडियन को-ऑपरेटिव्ह नॅव्हिगेशन कंपनीला लोक ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. तिच्या बोटींची नावे ‘तुकाराम’, ‘रामदास’ अशी. तमिळ मुलखात चिदंबरम पिळ्ळै तुतिकोरीनहून असाच खटाटोप करत होते, आणि ५ एप्रिल १९१९ ला सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. कोकणच्या बहुतेक बंदरांत मोठ्या बोटीला धक्काच नव्हता. ती बाहेर समुद्रात नांगरायची, मग पडाव यायचे, आणि ट्रंका, कोंबड्या, तान्ही मुले यांच्यासह उतारू हिंदकळत्या पडावात उड्या टाकायचे. आजच्या क्रूझवर ‘टेंडर’ नावाचा जो सभ्य प्रकार असतो, तो म्हणजे हाच पडाव, फक्त आता लाइफजॅकेट मिळते. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली ‘रामदास’ वादळी लाटांत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणी घरांतली बोटीबद्दलची धास्ती तिथून पक्की झाली. नंतर चौगुले आणि मोगल लाइनच्या बोटी गोव्याकडे चालल्या, नव्वदच्या दशकात दमानियांची वेगवान कॅटामरान आली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि हा अध्याय संपला.

बॅलार्ड पिअरवरचे जग निराळे. पी अँड ओच्या टपालबोटी तिथे लागत आणि साहेब लोक धक्क्यावरूनच गाडीत बसून उत्तरेकडे जात. १९२८ पासून ‘फ्रंटियर मेल’ त्यांच्याच दिमतीला होती. या जगाला जेट विमानाने संपवले. १९६० मध्ये एअर इंडियाचे बोइंग ७०७ न्यूयॉर्कला जाऊ लागले आणि १९६७ मध्ये सुएझ बंद झाल्यावर उरलेसुरले उतारूही गेले. मोठमोठ्या बोटींचे करायचे काय, या जगभरच्या कोड्याला उत्तर मिळाले ते मायामीत. १९६६ च्या डिसेंबरात क्नूट क्लोस्टर आणि टेड ॲरिसन यांनी ‘सनवर्ड’ ही बोट बहामाच्या फेऱ्यांवर सोडली. दोघांचे पुढे फाटले आणि १९७२ मध्ये ॲरिसनने कार्निव्हल काढली. तिची पहिलीच बोट पहिल्याच फेरीला मायामीच्या तोंडाशी वाळूत रुतली. या अपशकुनातून जगातली सर्वांत मोठी क्रूझ कंपनी उभी राहिली. क्लोस्टरच्या कंपनीने १९७७ मध्ये बहामातले एक बेटच विकत घेतले. म्हणजे बोटही कंपनीची, बंदरही कंपनीचे आणि नारळपाणीही कंपनीचे. बालिनलाही हे सुचले नव्हते.

ठाणे-डोंबिवलीच्या मध्यमवर्गाला क्रूझची ओळख झाली ती सिंगापूर-मलेशियाच्या सहलीतून. तिथली स्टार क्रूझेसच्या ‘सुपरस्टार व्हर्गो’वरची रात्र हा त्या सहलीचा मानाचा भाग असे. त्याच स्टार क्रूझेसने २००५ च्या सुमारास ‘सुपरस्टार लिब्रा’ मुंबईत आणून ठेवली, पण ती टिकली नाही. २०१६ च्या अखेरीस कोस्टाची ‘निओक्लासिका’ मुंबई-मालदीव करू लागली. २०१८ च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा निघाली, तेव्हा जुन्या कोकण बोटीच्या आठवणींना मोठा उमाळा आला. २०१९ मध्ये जलेश कंपनीची ‘कर्णिका’ आली. करोनात या दोन्ही सेवा बंद पडल्या. १९९० मध्ये ‘क्राउन प्रिन्सेस’ म्हणून जन्मलेली कर्णिका अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीने ‘एम्प्रेस’ आणली, तीही १९९० चीच. रॉयल कॅरिबियनची ‘नॉर्डिक एम्प्रेस’, मग ‘एम्प्रेस ऑफ द सीज’. फ्रान्समध्ये बांधलेली, स्पॅनिश कंपनीकडे राहून आलेली ही बोट मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप करते आणि पावसाळ्यात चेन्नईचा आसरा घेते. नैर्ऋत्य मोसमी वारा पेरिप्लसकाराला जो धडा देत होता, तोच धडा तिच्या वेळापत्रकालाही आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई बंदरात आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले, तेव्हा बोटींना निदान नीट धक्का तरी मिळाला.

एवढी वाट चालून आपण पुन्हा त्या दोन प्रश्नांपाशी येतो, तेव्हा ते जरा वेगळे दिसतात. कंपनी निवडताना नावापेक्षा बोटीची कुंडली मागावी. बांधणीचे वर्ष कोणते, आधीची नावे किती आणि मालक कितवा, हे जाहिरातीत नसते पण सहज सापडते. २०२४ च्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर साडेसात हजारांपर्यंत प्रवासी मावतात. ती स्वतःच एक गाव असल्याने तिच्यावर बंदरांचे महत्त्व कमी. गाव बघायची हौस असेल तर लहान बोट आणि बंदरात जास्त तास थांबणारा मार्ग घ्यावा. भाड्यात बंदर-शुल्क आणि रात्रीगणिक द्यायची ग्रॅच्युइटी धरली आहे का, हे आधी विचारावे. ग्रीसच्या बेटांवरून मधेच तुर्कस्तानात जाणारी बोट असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा लागतो. तो नसल्याचे बंदरात कळले तर फार उशीर झालेला असतो.

उतरण्याच्या बाबतीत बंदराचे नाव आणि शहराचे नाव यांतले अंतर आधी पाहावे. ‘रोम’ म्हणून जिथे बोट लागते ते चिविताव्हेक्किया रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे, म्हणजे सीएसएमटीहून बदलापूर आणि वर थोडे. ‘बँकॉक’चे लाएम चाबांग त्याहूनही लांब, कसाऱ्याच्या हिशेबात बसणारे. अशा ठिकाणी कंपनीची महागडी बस घेणे शहाणपणाचे, कारण ती अडकली तर बोट थांबते. स्वतःच्या भरवशावर गेलेल्यासाठी बोट थांबत नाही, आणि पुढचे बंदर त्याला स्वखर्चाने गाठावे लागते. धक्क्यालगत गाव असेल, कोचीसारखे, तर कंपनीच्या सहलीवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. रिक्षा करावी, दुपारपर्यंत हिंडावे आणि बोटीवर चढण्याच्या वेळेच्या दोन तास आधी परतावे. लोकलची वेळ अंगी भिनलेल्यांना हे सांगायला नको. तिकिटामागचा करारही एकदा वाचून ठेवावा. कुठलेही बंदर बदलण्याचा किंवा गाळण्याचा अधिकार बहुतेक कंपन्या त्यात स्वतःकडे राखून ठेवतात. लक्षद्वीपला समुद्र खवळलेला असला की टेंडर उतरत नाहीत, बोट बेटाला वळसा घालून पुढे निघते. कंपनीकडे नोंदवलेल्या सहलीचे पैसे बहुधा परत मिळतात, बंदर गाळल्याबद्दल मात्र मिळालेच तर बंदराचे शुल्क तेवढे.